बुधवारचा भोंगा

रेडिओ अमेरिकेतनं आला. विहीणबाईंच्या मुलानं पाठवला. वादळाची खबर देणारा रेडिओ. घरात ठेवायचा, आणि वादळ यायच्या आधी तो आपणहून भोंग्यासारखा बोंबलणार. असं त्यानं व्हिडिओवर सांगितलं. पुढं जे जे झालं त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाय. पण जसं झालं तसं सांगते.

आधी घरात कोण कोण ते सांगते. शारजात आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. माझा मुलगा हमरियाला फ्री झोनमधल्या कंपनीत, सून दुबईला ऑफिसात, नात शाळेत. दिवसभर घरात दोन म्हाताऱ्या. एक मी. दुसऱ्या विहीणबाई, सुनेची आई. त्या पुण्याच्या. जन्मभर ऑफिसात नोकरी केलेल्या. त्यांची फुप्फुसं बिघडली, एकटं राहणं जमेना, म्हणून लेकीनं इकडे आणल्या. नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनची मशीन. विजेवर चालते, रात्रंदिवस घुर्र घुर्र करते. खोलीतनं हॉलपर्यंत येतात तेवढंच चालणं, बाकी चाकाची खुर्ची.

मी रायगडच्या किनाऱ्यावरची कोळीण. चौथीपर्यंत शाळा. मराठी वाचते, अक्षराला अक्षर लावून. इंग्रजी नाय, अरबी तर नायच. मालक दर्यावर जायचे. त्यांना दर्यानं काय केलं नाय, घरात अंथरुणावरच गेले. मग मुलगा म्हणाला इकडे चल, मी आले.

आम्हा दोघींचं भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. त्या वरणभातवाल्या, मी मासळीवाली. मी स्वयंपाकघराचं दार लावून बांगडे तळायची तरी त्या हॉलमधनं म्हणायच्या, "विहीणबाई, माझ्या ऑक्सिजनलासुद्धा आज बांगड्याचा वास येतोय."

मी म्हणायची, "मग फुकट जेवलात समजा."

असं आमचं.

तर मागं एकदा इथे तो मोठा पाऊस झाला. इथे कसला पाऊस, असं मला वाटायचं. वर्षातनं चार शिंतोडे पडायचे तर लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. पण त्या दिवशी आभाळ हिरवं झालं. मी दर्यावर काळं आभाळ बघितलंय, पिवळं बघितलंय, हिरवं कधी नाय. मग जो कोसळला तो कोसळलाच. इथल्या रस्त्यांना गटारं नायत, पाणी जाणार कुठं. खाली गाड्या तरंगायला लागल्या. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं, लिफ्ट बंद. मग करंट गेला. आणि करंट गेला तशी ती घुर्र घुर्र थांबली.

त्या मशीनचा आवाज मला कटकट वाटायचा. तो थांबला तेव्हा मी हातातलं सोडून धावले.

घरात एक लहान सिलिंडर होता, तो लावला. तो काय जन्माला पुरत नाय. मुलगा त्या दिवशी सुदैवानं घरी होता. त्यानं फोन लावले, कुठं लागेना. शेवटी ठरलं, उचलून न्यायचं. विहीणबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी माझं जुनं लुगडं काढलं आणि त्यांना खुर्चीला बांधलं, होडी खुंटाला बांधतात तशी गाठ मारून. माझा मुलगा, शेजारचा मल्याळी, बिल्डिंगचा बंगाली वॉचमन आणि कुणीतरी एक पठाण, अशा चौघांनी नऊ मजले उतरवल्या. जिन्यात काळोख. मी पुढं मोबाईलची बत्ती घेऊन. खाली कमरेएवढं पाणी. पठाणाचा पाण्याचा टँकर उंच होता, त्यात चढवल्या आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात नेल्या. तिथे जनरेटर होता.

विहीणबाई वाचल्या. पण सगळा वेळ त्यांनी डोळे मिटले होते आणि माझ्या हाताला धरलं होतं. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती, ते नंतर दिसलं. 

घरी आल्यावर त्यांची झोप गेली. खिडकीत ढगाचा तुकडा दिसला की विचारायच्या, "करंट जाईल का हो?" आम्ही नाय म्हणायचं. थोड्या वेळानं परत तेच. सून रडायची बाथरूममध्ये जाऊन. पावसाच्या त्या दिवशी सकाळी मोबाईलवर सरकारचा मेसेज आला होता म्हणे, घरात कुणी वाचला नव्हता. सगळ्यांचे फोन गप्प करून ठेवलेले.

मुलानं पलीकडच्या त्या हॉस्पिटलात बोलून ठेवलं. परत असं होणार असेल तर आधीच घेऊन या, एक खाट देऊ, म्हणाले. म्हंजे आता एकच काम होतं. लिफ्ट बंद व्हायच्या आत विहीणबाईंना खाली न्यायचं. त्यासाठी वादळ आधी कळायला पायजे. आणि दिवसा घरात आम्ही दोघीच. एकीला चालता येत नाय, दुसरीला वाचता येत नाय.

हे सगळं अमेरिकेतल्या मुलाला कळलं, आणि त्यानं रेडिओ पाठवला.

जेवणाच्या डब्याएवढा. तांबडा. वर उन्हाची पट्टी, बाजूला फिरवायचा दांडा, पुढं बत्ती, ओढून लांब करायची तार, आणि एक मोठं लाल बटण. प्लगला चपटे दोन पाय, इथल्या तीन भोकांत बसेना, मुलानं मधला जोड आणला. विहीणबाई खुर्ची पुढं घेऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली होती.

"माझ्या मुलानं बघा किती विचार केलाय," त्या म्हणाल्या. "करंट गेला तरी दांडा फिरवून चालेल."

सून पुस्तिका वाचत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "आपलं ठिकाण निवडा असं म्हणतोय. यात शारजा नाहीये."

"दुबई घाल," मुलगा म्हणाला.

"दुबईपण नाही. सगळी अमेरिकेतलीच गावं आहेत."

नात म्हणाली, "मम्मा, इट वोन्ट वर्क हिअर." तिला सुनेनं डोळे मोठे करून गप्प बसवलं.

मग त्या लांबलचक यादीत एक नाव ओळखीचं निघालं, सुनेचा भाऊ राहतो त्या गावाचं. सुनेनं तेच दाबलं. ठिकाण पायजे होतं, ठिकाण दिलं. आत्ता मला हसू येतं. शारजात बसलेला रेडिओ अमेरिकेतल्या गावावर कान लावून बसला.

चालू केला तर खर्रर्र आवाज. दुसरं काय नाय. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, ऐकतोय तो." आणि त्या रात्री त्या झोपल्या. मी दोनदा उठून नळी बघितली, त्या घोरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून हळू बोलला.

"आई, तो रेडिओ इथे चालणार नाही."

"चालतोय की. आवाज येतोय."

"तो रिकामा आवाज आहे गं. अमेरिकेत हवामानाची वेगळी स्टेशनं असतात. तो फक्त तीच ऐकतो. इथे तसलं स्टेशनच नाही."

"मग इथलं वादळ कोण सांगणार?"

"मोबाईल. सरकारच सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजवतं. गप्प करून ठेवला तरी वाजेल, तसं मी आता करून ठेवलंय."

"आणि रेडिओ?"

"टॉर्च आहे असं समज."

सून मागं उभी होती. विहीणबाईंना ते दोघं मम्मी म्हणतात. ती म्हणाली, "आई, मम्मीला एवढ्यात नका सांगू. काल ती झोपली हो."

मी बरं म्हटलं. पण मला काय ते पटेना. आमच्या घरी ट्रान्झिस्टर होता. चामड्याच्या पिशवीत, खांबाला टांगलेला. त्यात लंकेची गाणी यायची. लंका कुठं, आमचा किनारा कुठं, तरी यायची. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी बाई सांगायची, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. मग बंदरावर बावटा चढायचा. सेल उतरले की मी ते उन्हात वाळत घालायची, बोंबलांच्या बाजूला, परत दोन दिवस चालायचे. एकदा मालक बाहेर होते आणि बाईनं ते सांगितलं. ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन मी बसले होते. मांडीवर घेतल्यानं काय होणार होतं, कुणास ठाऊक. ते आले दुसऱ्या दिवशी, भिजून, आणि जेवण मागितलं.

म्हंजे मला रेडिओ नवा नाय. रेडिओ एकतर बोलतो नायतर बिघडतो. बिघडलेला नाय आणि बोलणारही नाय, असा रेडिओ मी बघितला नव्हता. वारा सगळीकडचा एकच ना? मग त्याला ऐकू का येऊ नये? नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." मग कसं, ते तिनं सांगितलं, पण ते सगळं इंग्रजीत.

एक मात्र त्या पुस्तिकेत मला आवडलं. सुनेनं वाचून दाखवलं की वरची पट्टी उन्हात ठेवा, सेल भरतो. मी म्हटलं, हे आम्ही पन्नास वर्षं करतोय, तेव्हा लोक हसायचे. मी तो बाल्कनीत ठेवला. इथलं ऊन म्हंजे तवा. संध्याकाळी बघते तर एका कोपऱ्याला प्लास्टिक वितळून बसलेलं. विहीणबाईंनी दोन दिवस ते ऐकवलं. मग त्यांनी स्वतः लोकरीची झाकणी विणली त्याच्यासाठी, आणि तो हॉलमध्ये देव्हाऱ्याखालच्या फळीवर बसला. झाकणीला पुढनं लाल बटणाएवढं भोक ठेवलं होतं.

तर आता बुधवार. त्यांच्या मुलानं व्हिडिओवर सांगितलं होतं की दर बुधवारी हा एकदा स्वतःहून वाजेल. चाचणी. म्हंजे चालू आहे हे कळावं. त्याच्या घरच्या रेडिओवर तसं होतं, म्हणून तो बोलला. विहीणबाईंनी ते मनावर घेतलं. पहिल्या बुधवारी सकाळपासून खुर्ची फळीसमोर. जेवल्या पण तिथेच. वाजला नाय.

"पहिला आठवडा आहे, बसायला वेळ लागेल," मी म्हटलं.

दुसऱ्या बुधवारी पण नाय. त्यांना दम लागला. त्या रात्री परत सुरू, "करंट जाईल का हो?" तिसऱ्या बुधवारी त्या जप करायला डोळे मिटून बसल्या होत्या. मी फडक्यानं फळी पुसत होते. ते लाल बटण मी दाबलं.

एवढा मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. माझे दात हलले. हातातलं फडकं पडलं. बंद कसं करायचं ते कळेना, परत दाबलं तर थांबला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. खालनं वॉचमनचा फोन. "माँजी, क्या हुआ? आग?"

"कुछ नहीं, टेस्ट है," मी म्हटलं.

विहीणबाईंनी डोळे उघडले होते आणि हात जोडले होते, रेडिओला की देवाला ते कळलं नाय, दोघं एकाच लायनीत होते. "वाजला बघा," त्या म्हणाल्या. "म्हटलं होतं ना त्यानं."

मग दर बुधवारी मी तेच करायची. त्या डोळे मिटून बसल्या की. मुलाला आणि सुनेला कळलं तेव्हा ते एकमेकांकडे बघत बसले. मुलगा म्हणाला, "आई, हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्या झोपतात.

इथे वार माझ्या लक्षात राहत नायत. मुलाला शुक्रवारी सुट्टी, सुनेची वेगळीच, नातीची शाळा कधी घरातनं कधी शाळेतनं. एकदा मी मंगळवारीच दाबलं.

विहीणबाई म्हणाल्या, "आज मंगळवार आहे."

मी म्हटलं, "अमेरिकेत बुधवार असेल."

त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाल्या, "अमेरिका मागे असते विहीणबाई. पुढे नसते."

मी आत गेले, भाजी लागत होती असं सांगून. भाजी लागत नव्हती.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, मी मोरीत बांगडे साफ करत होते. हाताला खवलं. आणि एकदम आवाज सुरू झाला. आमच्या घरातच नाय, वरनं, खालनं, समोरनं, भिंतीतनं. सगळी बिल्डिंग किंचाळतेय असा. मला आधी वाटलं रेडिओ. मी धावत हॉलमध्ये आले. रेडिओ झाकणीत गप्प. वाजत होते ते मोबाईल. माझा टीव्हीजवळ, विहीणबाईंचा त्यांच्या मांडीवर. दोन्ही थरथरत होते.

विहीणबाईंनी चष्मा लावला. वर अरबी, खाली इंग्रजी. त्यांनी वाचलं.

"काय म्हणतंय?"

"जोराचा पाऊस, वारा. ओढ्यानाल्यांपासून लांब राहा. घरातच थांबा."

"घरात थांबा?"

"असं लिहिलंय."

मी तिथेच उभी राहिले. आम्ही ठरवलेलं की खबर आली की घरातनं निघायचं. आणि खबर म्हणते घरात थांबा. मग सरकारचं ऐकायचं की मुलाचं? त्यांना काय ठाऊक की या घरात करंट गेला तर काय होतं. की ठाऊक असेल, तरी सांगत असतील? खिडकीतनं बघितलं तर ऊन. लांब रास अल खैमाच्या बाजूला आभाळ मळकट, बस. इकडे पान हलत नव्हतं. पान न हलणं मला दर्यावर कधीच आवडलेलं नाय.

मुलाचा फोन आला. गाडीत होता. "आई, मी निघालोय, पण रस्ता जाम आहे. तू मम्मीला घेऊन खाली जा. वॉचमनला बोलव. हॉस्पिटलला मी फोन केलाय. पाऊस सुरू झाला की वॉचमन लिफ्ट बंद करणार आहे, त्याच्या आधी उतरा. यल्ला, लवकर."

"पण घरात थांबा म्हणतंय."

"ते बाहेर फिरणाऱ्यांना आहे, आपल्याला नाही. आई, ऐक माझं." आणि फोन कट झाला, की त्यानं ठेवला, माहीत नाय.

मी खुर्चीला लहान सिलिंडर अडकवला. विहीणबाईंना म्हटलं, चला.

त्या हलल्या नायत. दोन्ही हातांनी चाकं धरून बसल्या.

"मेसेजात घरात थांबा म्हटलंय," त्या म्हणाल्या. "आणि रेडिओ गप्प आहे. खरं काही असतं तर तो वाजला असता."

"तो नाय वाजणार."

"का नाही वाजणार? बुधवारी वाजतो. चालू आहे तो."

"विहीणबाई, लिफ्ट बंद होईल."

"मला त्या जिन्यात परत न्यायचं नाही. त्या खुर्चीत नाही. मी इथेच बसते. माझ्या मुलाचा रेडिओ वाजला तर मी येते, नाहीतर नाही."

त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. घाबरल्या की तसं होतं. मशीन मागं घुर्र घुर्र करत होती. मी तिच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. ऊन गेलं होतं. पडदा आत आला आणि परत बाहेर ओढला गेला.

त्या रेडिओकडेच बघत होत्या. डोळे मिटणार नव्हत्या. मग मी फळीपाशी गेले आणि त्यांच्या समोर, खवल्याच्या हातानं, झाकणीच्या भोकातनं ते लाल बटण दाबलं.

भोंगा वाजला. त्यांनी रेडिओकडे बघितलं. मग माझ्या अंगठ्याकडे. त्याला एक खवल चिकटलं होतं. मी बटण सोडलं नाय, तशीच उभी राहिले. मला वाटलं आता या काय म्हणतील ते म्हणोत.

त्यांनी चाकांवरचे हात काढले.

"स्वेटर द्या माझा," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात एसी फार असतो."

वॉचमन आला. लिफ्टमध्ये आम्ही तिघं आणि सिलिंडर. "माँजी, दो मिनट बाद मैं बंद करता," तो म्हणाला. "खलास." खाली आलो तर धूळ उडत होती, डोळे उघडेनात. त्यानं खुर्ची ढकलली, मी पदरानं त्यांचं नाकतोंड धरलं. रस्ता ओलांडला आणि पहिले थेंब पडले, मोठे मोठे.

हॉस्पिटलात खाट मिळाली, भिंतीतनं ऑक्सिजन मिळाला. मी स्टुलावर बसले. माझ्या हाताला मासळीचा वास येत होता, नर्सनं दोनदा वळून बघितलं. काचेवर पाणी वाहत होतं.

मग विहीणबाई म्हणाल्या, "मंगळवारी पण तुम्हीच."

"होय."

"मला शंका आली होती. अमेरिका मागे असते."

"तुम्ही बोलला नायत."

"म्हटलं, कुणीतरी वाजवतंय ना. वाजतंय तोवर ठीक आहे." मग म्हणाल्या, "तो मुळीच बोलणार नाही का? कधीच?"

मी सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढं. इथे तसलं स्टेशन नाय. त्यांनी विचारलं, मग चालू असतो तो आवाज कसला? मी म्हटलं, ते मलापण अजून कळलेलं नाय.

पाऊस झाला, पण मागच्यासारखा नाय. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी. लिफ्ट वॉचमननं बंद ठेवली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. पण आमच्या बिल्डिंगचा करंट काय गेला नाय. मशीन घरात आपली घुर्र घुर्र करत बसली होती, रिकाम्या खोलीत. म्हंजे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी हे मुलाला म्हटलं तर तो म्हणाला, आई, आधी कुणाला कळतं का? ते खरं. पण मग तो मोबाईल कशाला वाजतो, तेही कळायला पायजे ना. मी जास्त विचारलं नाय, तो तीन तास गाडीत अडकून आला होता.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाल्यावर घरी आलो, तर बांगडे मोरीत तसेच राहिले होते. घरभर वास. विहीणबाई काय बोलल्या नायत, रुमाल नाकाला लावून बसल्या.

संध्याकाळी अमेरिकेचा व्हिडिओ आला. त्यांचा मुलगा विचारत होता, मम्मी, बरी आहेस ना, बातम्यांत बघितलं. आणि मग हळूच, "रेडिओ वाजला का गं?"

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी लसूण सोलत होते, खाली बघितलं.

"वाजला," त्या म्हणाल्या. "अगदी वेळेवर."

तो गप्प झाला. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "बरं झालं." त्यानं सुनेला नंतर फोन करून विचारलं की हे कसं झालं, कारण तो रेडिओ तिकडे वाजणार नाही हे त्याला कधीच कळलं होतं, आईला सांगायचा धीर झाला नव्हता. सून मला म्हणाली, "आई, मम्मीला सांगू नका की त्याला माहीत आहे." आणि विहीणबाई मला म्हणाल्या, "लेकीला सांगू नका की मला कळलं. तिला वाटेल मी तिच्यावर रागावले." मुलगा म्हणतो, तू यात पडू नकोस. कुणाला काय सांगायचं नाय आणि कुणाला काय माहीत नाय असं दाखवायचं, हे आता माझ्या डोक्यात राहत नाय. मी कुणालाच काय सांगत नाय. तेच सोपं.

सून एकदा म्हणाली, ते गावाचं सेटिंग तरी काढून टाकू, नुसता खरखरतो. इथली गाणी तरी लावू.

विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे तिकडचाच. तिकडे काही झालं तर."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं, विहीणबाईंना ठाऊक होतं, की तिकडचं काय इथे येत नाय. मी म्हटलं, राहू दे. ट्रान्झिस्टर मांडीवर घेतल्यानंसुद्धा काय होत नाय, तरी मी बसलेच होते.

पुढच्या बुधवारी मी फळीकडे गेलेच नाय. आता कशाला, म्हटलं. स्वयंपाकघरात होते. हॉलमधनं हाक आली.

"विहीणबाई, आज बुधवार ना?"

"असेल."

"मग दाबा की."

मी हात पुसत बाहेर आले. त्या डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या, स्वेटर मांडीवर.

"तुम्हाला सगळं माहीत आहे, मग कशाला?" मी म्हटलं.

"मोबाईल वाजला तर मी परत हलणार नाही," त्या म्हणाल्या. "मला माझं माहीत आहे. हा वाजला की मी उठते. म्हणून चालतोय की नाही ते बघून ठेवायला नको का?"

मी दाबलं. त्यांनी चाकांवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. खालनं वॉचमनचा फोन आला.

"टेस्ट है," विहीणबाईच म्हणाल्या, फोन माझ्या हातातनं घेऊन.